हातातले गाणे

शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळला निघाले की सुरुवातीला रस्ता सपाट असतो. दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपई, कापूस. मग सातपुडा समोर येतो आणि गाडी घाटाला लागते. सातपायरीच्या घाटात एका वळणाच्या डोक्यावर दुसरे वळण असते. दर वळणाला खालची शेते लहान होत जातात आणि हवा गार लागू लागते. वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. शहाद्यापासून ते ५५ किलोमीटरच्या आसपास असेल.

याच घाटात मोबाइलची रेंज जाते. मी गाणी ऐकत होतो. त्यांच्यासाठी वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले होते आणि डोंगरात रेंज नसणार हे ठाऊक असल्यामुळे ती घरीच ‘डाउनलोड’ करून ठेवली होती. तरी एक गाणे संपले आणि पुढचे सुरूच झाले नाही. पडद्यावर सूचना आली, की पुढे ऐकण्यासाठी एकदा इंटरनेटला जोडा. गाणी उतरवल्यापासून ॲप इंटरनेटला जोडलेच नव्हते आणि त्यांची मुदत आता संपली होती. गाणी फोनमध्येच होती, जागाही अडवत होती, पण मला ती वाजवता येत नव्हती.

जीपचा चालक धडगाव तालुक्यातला होता. त्याने विचारले, “काय झालं दादा, गाणं बंद पडलं?”

“रेंज गेली.”

“आपलं चालू राहतं,” असे म्हणत त्याने टेपच्या खाचेत पेन ड्राइव्ह बसवला. आधी होळीच्या ढोलाचा ठेका आला, मग पावरी बोलीतले गाणे, त्यानंतर एक अहिराणी आणि मग जुने हिंदी. वरच्या पठारापर्यंत त्याचे गाणे एकदाही थांबले नाही.

त्या घाटात पडलेला प्रश्न हाच या प्रकरणाचा विषय आहे. गाण्यासाठी आपण पैसे देतो, तेव्हा नेमके काय विकत घेतो? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले. पहिले उत्तर होते एक वस्तू, आणि ती तर जंगलातूनच आली होती.

लाखेची तबकडी

फाल्गुनात तोरणमाळच्या उतारांवर पळस फुलतो. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा वाढतो. तो रस शोषतो आणि अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतो. फांदीवरून खरवडलेले हे कवच म्हणजे लाख. ती धुऊन, वितळवून, पातळ पापुद्रे काढले की चपडा तयार होतो. आपल्याकडे बांगड्या, खेळणी आणि लाकडाची झिलई यांसाठी लाख पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिला एक नवे काम मिळाले, ते म्हणजे माणसाचा आवाज धरून ठेवण्याचे.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी ग्रामोफोनची तबकडी चपडा, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून बनत असे. हे मिश्रण तापवून साच्यात दाबले की त्यावर बारीक खाच उमटे. सुई त्या खाचेतून फिरताना थरथरे आणि त्या थरथरीचा आवाज होई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. चपडा प्रामुख्याने भारतातून, त्यातही छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जगभर जात असे. त्याच्यावरचे हे अवलंबन इतके होते, की दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेने ध्वनिमुद्रिकांसाठी वापरायच्या चपड्यात ७० टक्के कपात केली. लढाईच्या सामानाला चपडा हवा होता आणि भारतातून येणारी जहाजे धोक्यात होती.

भारतातले पहिले मोठे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यंत्र घेऊन आले होते. गौहर जान गायल्या आणि गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले. मुद्रण जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाई आणि तबकड्या तिथून छापून परत येत. तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, यासाठी ही खूण होती. पुढे १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच निघू लागल्या.

ती वस्तू जड होती, ठिसूळ होती, हातून पडली की फुटे. पण पैसे मोजून घरी आणली की ती घेणाऱ्याची होई. शेजाऱ्याला ऐकायला देता येई, लेकीला सासरी पाठवता येई, गरज पडली तर विकता येई. कंपनी बुडाली तरी घरातली तबकडी वाजत राही. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, बालगंधर्व १९६७ मध्ये गेले. त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो, कारण तो असंख्य घरांच्या कपाटांत विखुरला होता. एका घरातली तबकडी फुटली तरी दुसऱ्या गावच्या घरात तीच शाबूत राहिली. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली. डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या माणसांनी नोकरी सांभाळून जुन्या तबकड्यांचा शोध घेतला आणि त्यांची माहिती नोंदवली. हे काम करता आले, कारण लोकांजवळ वस्तू होती.

कॅसेट गावात येते

तबकडी आणि ती वाजवणारे यंत्र सगळ्यांच्या आवाक्यात नव्हते. ते अंतर कॅसेटने मिटवले. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही डबी ऐंशीच्या दशकात भारताच्या बाजारपेठांत पसरली. टेपरेकॉर्डर बॅटरीवर चालत होता, म्हणून वीज नसलेल्या पाड्यावरही पोहोचला. कॅसेट छापण्यासाठी मोठा कारखाना लागत नव्हता, म्हणून छोट्या कंपन्या निघाल्या. मोठ्या कंपनीला ज्या गाण्यांत रस नव्हता, ती गाणी बाजारात आली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते खेड्यापाड्यांत घुमली. लावणी, पोवाडे, कोळीगीते यांना आपापला श्रोता सापडला. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने भारतातल्या या बदलावर १९९३ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. थोड्या कंपन्यांच्या हातात असलेले संगीत अनेकांच्या हातात कसे गेले, हा त्याचा विषय होता.

कॅसेटची आणखी एक देणगी होती. कोरी कॅसेट घालून दोन बटणे एकत्र दाबली की घरातला आवाज धरता येत होता. आजीच्या ओव्या, लग्नातली गाणी, गावातले भजन असे कितीतरी आवाज कोणत्याही कंपनीच्या यादीत न जाता या पट्टीवर राहिले. पट्टी गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि तुटली की चिकटपट्टीने जोडायची, हे घरातल्या मुलांनाही येत होते. बिघाड दिसत होता, म्हणून दुरुस्तीही हातात होती.

आवाजाचे आकडे

सीडी १९८२ मध्ये आली आणि आवाज आकड्यांत बदलला. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लहरीची उंची मोजून लिहिलेली असते, डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी. त्यामुळे एका मिनिटाच्या गाण्याला सुमारे १० एमबी जागा लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा कमी करण्याची पद्धत विकसित केली. मोठ्या आवाजाच्या सोबतीचा बारीक आवाज आपल्या कानाला जाणवत नाही. असे न जाणवणारे तपशील गाळले की मिनिटाचे गाणे १ एमबीच्या आसपास बसते. हीच एमपी३.

यामुळे काय झाले, हे नंदुरबार जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजाराच्या गावी दिसत होते. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत एक संगणक असे आणि ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असे. आपली चिप, म्हणजे मेमरी कार्ड, द्यायची आणि थोड्या पैशांत ती भरून घ्यायची. ४ जीबीच्या चिपमध्ये पाच मिनिटांची आठशे गाणी बसत. तेवढ्या गाण्यांच्या तबकड्या उचलायला बैलगाडी लागली असती.

बहुतेक टपऱ्यांत हा व्यवहार परवान्याविना चाले. गायक, कवी, संगीतकार यांच्या वाट्याला त्यातले काही येत नसे, आणि ते चुकीचे होते. कलाकाराचा मोबदला बुडवून कोणतेही संगीत फार काळ जगत नाही. पण लोक त्या टपरीवर का जात होते, हेही समजून घेतले पाहिजे. गाणे रेंजशिवाय वाजावे, एका फोनमधून दुसऱ्यात जावे आणि उद्याही आपल्याजवळ असावे, एवढीच त्यांची गरज होती. ती रास्त होती. रीतसर विकणाऱ्यांनी ही गरज कशी हाताळली, ते आता पाहू.

‘विकत घ्या’ या बटणामागे

ॲपलने २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत आयट्यून्सचे दुकान उघडले. एका गाण्याला ९९ सेंट. हवे ते एकच गाणे कायदेशीरपणे आणि घरबसल्या मिळू लागले, ही मोठी सोय होती. पण त्या फाइलला कुलूप होते.

या कुलपाचे काम साधे आहे. गाण्याची फाइल सांकेतिक भाषेत लिहिलेली असते. ती उलगडायची किल्ली कंपनीच्या संगणकाकडे असते. तुमचे यंत्र तिथे जाऊन ओळख पटवते, किल्ली मिळते आणि गाणे वाजते. यंत्र बदलले, खाते बंद झाले किंवा कंपनीने किल्ल्या देणे थांबवले, की पैसे देऊन घेतलेली फाइल म्हणजे नुसत्या आकड्यांचा ढीग राहतो. ग्राहकांची नाराजी वाढली आणि २००९ मध्ये ॲपलने विकत मिळणाऱ्या गाण्यांवरचे कुलूप काढले.

भारतात फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचे गाण्यांचे दुकान सुरू केले. सहा रुपयांपासून गाणे मिळे आणि फाइलला कुलूप नसे. ४ डिसेंबर २०१२ रोजी आयट्यून्सचे दुकानही भारतात आले. कायदेशीर आणि कायमचे गाणे घेण्याची वेळ आली असे तेव्हा वाटले होते. पण जून २०१३ मध्ये फ्लाइट बंद झाले. घेतलेली गाणी उतरवून घेण्यासाठी ग्राहकांना थोडी मुदत मिळाली. ज्यांनी फाइल उतरवून नीट ठेवली, त्यांच्याकडे ती आजही वाजते. ज्यांनी ‘दुकानात आहेच की’ म्हणून सोडून दिले, त्यांचे गाणे दुकानाबरोबर गेले. फाइल आपल्या जागी आणून ठेवली तरच खरेदी पुरी होते, हा धडा या छोट्या घटनेत आहे.

त्यानंतर विकत घेणेच मागे पडले आणि वर्गणीचे दिवस आले. स्पॉटिफाय भारतात २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाले. देशी सेवा त्याआधीपासून होत्या. महिन्याच्या वर्गणीत कोट्यवधी गाणी मिळतात. नवे ऐकण्यासाठी, शोधण्यासाठी ही सोय उत्तम आहे आणि मी ती वापरतो. पण इथे आपण गाणे घेत नाही. ठरावीक काळ ऐकण्याची परवानगी घेतो. ‘डाउनलोड’ केलेली फाइलही कुलूपबंद असते. परवानगी अजून चालू आहे का, हे तपासण्यासाठी ॲपला अधूनमधून इंटरनेट लागते. स्पॉटिफायच्या नियमानुसार ३० दिवसांत एकदा तरी जोडावे लागते. शहरात ही अट कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण रोजच जोडणी असते. तोरणमाळच्या घाटात ती लक्षात येते.

परवानगी दुसऱ्या बाजूनेही संपू शकते. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचा करार संपला आणि अनेक लोकप्रिय हिंदी गाणी एका रात्रीत श्रोत्यांच्या याद्यांतून गेली. श्रोत्यांची वर्गणी चालू होती आणि त्यांची काही चूकही नव्हती. २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिक ही आपली सेवा आवरती घेतली. श्रोत्यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या आवडीच्या याद्या ही त्यांच्या आयुष्याची एक नोंद असते. सेवा गेली की ती नोंदही जाते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये यावर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल माल विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द वापरता येत नाही. मला हा कायदा महत्त्वाचा वाटतो. व्यवहाराचे नाव खरे असावे, एवढीच त्याची मागणी आहे. आपण भाड्याच्या घराला भाड्याचे म्हणतो आणि गहाण जमिनीला गहाण म्हणतो. गाण्यालाही तोच न्याय हवा.

जुन्या बाजारात न जाणारे गाणे

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात आजही जुन्या तबकड्या आणि कॅसेटी मिळतात. विकणाऱ्याला कंपनीची परवानगी लागत नाही. त्याने ती वस्तू घेतलेली असते आणि तो ती विकतो. डिजिटल फाइलचे असे होत नाही. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने वापरलेल्या गाण्यांचा बाजार उघडला होता. ग्राहक आपली फाइल दुसऱ्याला विके आणि विकणाऱ्याकडची काढून टाकली जाई. कॅपिटल रेकॉर्ड्सने खटला भरला. २०१३ मध्ये निकाल रीडिजीच्या विरोधात गेला आणि २०१८ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. न्यायालयाचे म्हणणे असे, की फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना नवी प्रत तयार होते आणि प्रत काढण्याचा हक्क प्रताधिकाराच्या मालकाचा आहे.

भारतातला प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप फोडणे हा आता गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरीकडे, ध्वनिमुद्रणावरचा हक्क कायमचा नसतो. प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजायची. १९६० मध्ये निघालेल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा असतो. तो कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये ५६ गीतांत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत राहील. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चालींचा २०६२ पर्यंत.

हा हिशेब मी मुद्दाम मांडला. कायदा म्हणतो, की साठ वर्षांनी ध्वनिमुद्रण सर्वांचे होईल. पण सर्वांचे व्हायला ते तोवर कोणाजवळ तरी असले पाहिजे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या सर्वांच्या झाल्या, तेव्हा त्या लोकांच्या कपाटांत होत्या. आज केवळ कंपनीच्या संगणकावर असलेले गाणे मुदत संपेल त्या दिवशी कोणाकडे सापडेल? कंपनीने ते काढून टाकले असेल, तर कायद्याने दिलेला हक्क वापरायला प्रतच उरणार नाही.

वस्तूबरोबर आणखी एक गोष्ट जाते. तबकडीच्या वेष्टनावर, कॅसेटच्या घडीच्या कागदावर गीतकार, संगीतकार, कधी तबल्याची साथ करणाऱ्याचेही नाव असे. ती नावे वाचत वाचत कित्येकांना संगीताची गोडी लागली. फोनच्या पडद्यावर गायकाचे नाव दिसते, बाकीची नावे शोधावी लागतात आणि मराठी नावे रोमन लिपीत नाना प्रकारांनी लिहिलेली असल्यामुळे शोधूनही सापडत नाहीत. मुंबईच्या काळा घोडा भागातले ऱ्हिदम हाउस हे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. तिथल्या काउंटरवर एखाद्या रागाचे नाव घेतले की चार गायक समोर ठेवले जात. ऐकण्याचे ते शिक्षणही दुकानाबरोबर गेले.

यादीत नसलेली गाणी

तोरणमाळ ज्या अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यात आहे, तिथली वस्ती मुख्यतः पावरा आणि भिल्ल समाजांची. २०११ च्या जनगणनेत भिली किंवा भिलोडी या भाषेखाली मोजलेले देशभरात १ कोटी ४ लाख लोक होते. एवढ्या लोकांची भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि मोठ्या कंपन्यांच्या यादीतही तिला जागा जवळजवळ नाही.

गाण्यांची मात्र इथे कमतरता नाही. होळीला कमरेला घुंगरू आणि सुकलेले भोपळे बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून बावा-बुध्या बनलेले लोक नाचतात, ढोल रात्रभर थांबत नाही. इंदल या विधीच्या रात्री देवाच्या कथा गाऊन सांगतात. लग्नाची, पेरणीची, जत्रेची गाणी वेगळी. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून लोक तोरणमाळला चढून येतात, तेव्हा त्यांच्या बोलींबरोबर चालीही वर येतात.

या गाण्यांचे जतन आजवर माणसांच्या आठवणीत झाले. अलीकडे त्यात सीडी, चिप, पेन ड्राइव्ह यांची भर पडली. आता तरुण मुले मोबाइलवर गाणे धरतात आणि व्हिडिओच्या संकेतस्थळांवर चढवतात. त्यामुळे डोंगरातला आवाज दूरवर जातो, याचा आनंद आहे. काळजी एवढीच, की अनेकदा तीच एकमेव प्रत असते. खाते बंद झाले, संकेतशब्द हरवला, फोन पाण्यात पडला, की गाणे गेले. हिंदी चित्रपटाचे गाणे एका सेवेवरून गेले तर दुसरीकडे मिळेल. पाड्यावरच्या म्हाताऱ्या गायकाचे गाणे दुसरीकडे कुठे मिळणार? ज्या गाण्यामागे कंपनी नाही, त्याला लोकांच्या हातातल्या प्रतींचाच आधार असतो.

जपायचे कसे

प्रतही आपोआप टिकत नाही. तोरणमाळच्या पावसाळ्यात दिवसचे दिवस धुके घरात शिरते. अशा ओलीत कॅसेटच्या पट्टीला बुरशी येते. सीडीचा चकचकीत थर खराब होतो. चिप आणि पेन ड्राइव्हमध्ये माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार झिरपतो. मालकी घेतली की सांभाळायची जबाबदारीही घ्यावी लागते.

यासाठी संग्रहालयांतली माणसे एक साधा नियम पाळतात. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवायच्या, त्या निदान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी किंवा दुसऱ्या गावी असावी. घरात एखादी कॅसेट असेल, तर ती आजच संगणकात उतरवावी, कारण पट्टीही म्हातारी होते आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारेही कमी होत चालले आहेत. मूळ प्रत एमपी३ मध्ये न ठेवता वॅव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात ठेवावी, कारण त्यांत काहीही गाळलेले नसते. फाइलला नाव द्यावे : गाणे कोणते, गायले कोणी, गाव कोणते, वर्ष कोणते. नाव नसलेली फाइल दहा वर्षांनी घरच्यांनाही ओळखू येत नाही.

गाणे घ्यायचे असेल तेव्हा एक गोष्ट तपासावी. दुकान बंद झाल्यावर, इंटरनेटशिवाय, दुसऱ्या यंत्रावर ते वाजेल का? बँडकॅम्पसारख्या ठिकाणी आजही बिनकुलपाची फाइल विकत मिळते. कार्यक्रमाच्या दारात कलाकार स्वतः सीडी किंवा पेन ड्राइव्ह विकत असेल, तर तो घ्यावा. आपल्याला वस्तू मिळते आणि त्याला पैसे. वर्गणी ऐकण्यासाठी ठेवावी. जे गाणे मुलांपर्यंत जावे असे वाटते, त्याची मात्र प्रत असावी.

आणि कोणाचे गाणे धरायचे असेल तर आधी विचारावे. इंदलसारख्या विधीतले गाणे गाणारे ते बाहेर द्यायला तयार नसतील, तर तो त्यांचा अधिकार आहे. रेकॉर्डरचे बटण दाबले म्हणून गाणे आपले होत नाही.

दुसऱ्या दिवशी यशवंत तलावाच्या काठावर गाडीची वाट पाहत होतो. तोच चालक आला. उतरताना मी त्याला होळीच्या त्या गाण्याविषयी विचारले. ते कोणत्या दुकानातले नव्हते. त्याच्या मामाच्या मुलाने होळीच्या रात्री ते मोबाइलवर धरले होते आणि गाणाऱ्यांत चालक स्वतःही होता.

“हवं का दादा तुम्हाला?” त्याने विचारले.

“तुमच्या मंडळींना चालेल?”

“चालेल ना. आमचंच आहे.”

घाटातल्या एका वळणावर गाडी थांबवून त्याने पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला. मिनिटभराचे काम. मी गावाचे आणि गाणाऱ्यांचे नाव विचारले, त्याने सांगितले, मी लिहून घेतले. म्हसावद येईपर्यंत फोनला रेंज आली, ॲप जोडताच परवानगी ताजी झाली आणि माझी बंद पडलेली गाणी पुन्हा वाजू लागली. ती पुढच्या वर्षी असतील की नाही, हे मला ठरवता येणार नाही. होळीच्या गाण्याच्या मात्र तीन प्रती केल्या. एक संगणकात, एक सीडीवर, आणि तिसरी पुण्याला बहिणीच्या घरी. तिन्हींवर गावाचे नाव आणि वर्ष लिहिले आहे.